वजन कुठे चाललंय?

आमचे सर कुणाच्याही घरात शिरले, की आधी वर बघायचे आणि मग घरातल्या माणसांकडे. यजमान "या, या" म्हणत हात पुढे करून उभा, आणि हे उंबऱ्यातच मान मागे टाकून तुळया न्याहाळतायत. बघून झालं की दोनपैकी एक गोष्ट व्हायची. एक तर "हं" म्हणून आत यायचे, नाहीतर म्हणायचे, "अंगणातच बसू की. हवा छान आहे." मे महिन्यातल्या भर दुपारीसुद्धा हवा छान असायची. त्यांना ओळखणारे लोक मग आपल्याच छताकडे चोरून बघायला लागायचे. एका गृहस्थांनी तर सर येऊन गेल्यावर पलंग दुसऱ्या खोलीत हलवला होता.

मी त्यांच्याकडे ओव्हरसियरच्या वर्गात शिकलो. मध्य भारताचे दिवस होते. संस्थानं जाऊन नवं राज्य झालं होतं आणि त्या राज्याला एक राजधानी पुरत नव्हती. हिवाळ्यात सरकार ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. फायलींच्या पेट्या गाडीत चढायच्या नि उतरायच्या, त्यांच्यामागे बाबूलोकांच्या वळकट्या. माझे वडील संस्थानच्या कचेरीत होते. त्यांचं खातं कशात मिसळलं, आपण त्यात उरलो की गळलो, हे त्यांना कुणी नीट सांगत नव्हतं. ते रोज कोट घालून जायचे आणि रोज तोच प्रश्न घेऊन परत यायचे. मॅट्रिक झाल्यावर त्यांनी मला या वर्गात घातलं. "राजा असो की मिनिस्टर, पूल तर बांधावाच लागेल ना," हे त्यांचं म्हणणं.

वर्ग इंदूरला छावणीकडे एका लांबट पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. पहिल्या दिवशी सर आले, हजेरी घेतली नाही, नाव सांगितलं नाही. पत्रा तोलून धरणाऱ्या कैच्या बघून "हं" केलं आणि आमच्यातला सगळ्यांत भरलेला गडी हेरला. हा रामेश्वर. सिमरोलचा, शेतकऱ्याच्या घरचा. त्याला त्यांनी टेबलावर उभं केलं.

"आता सांगा. ह्याचं वजन कुठे चाललंय?"

एक जण चाचरत म्हणाला, "टेबलात, सर."

"टेबलातून?"

"पायांत."

"कुठल्या पायात? चारींत सारखं? तो तर कोपऱ्यात उभा आहे!"

टेबल करकरलं. रामेश्वर म्हणाला, "सर, मैं उतरूँ?"

"थांब. तू उतरलास की धडा संपला." आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "इमारत म्हणजे काय? वजनाला घरी पोचवायची वाट. त्याचं घर जमिनीत. तुम्ही वाट नीट करून दिलीत तर ते गुपचूप जातं. नाही दिलीत, तर ते आपली आपण काढतं. थांबत नाही ते कुणासाठी. रात्री तुम्ही झोपता, वजन झोपत नाही."

सर स्वतः इतके बारीक होते, की त्यांचा कोट खुंटीवरच असल्यासारखा वाटे. म्हणून पोरांनी त्यांचं नाव पाडलं वजनसाहेब. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही असावं.

पुस्तकातून शिकवताना मी त्यांना फारसं पाहिलं नाही. खिशात काकडी घेऊन यायचे. दोन विटांवर काकडी आडवी ठेवायची, मधोमध अंगठ्याने दाबायची. खालच्या बाजूने ती तडकायची. "कुठे ताणली गेली? खाली. मग लोखंडाची सळई कुठे पाहिजे? खाली." मग दुसरी काकडी. एक टोक मुठीत घट्ट धरायचं, दुसरं हवेत, आणि त्या टोकावर दाब. आता ती मुठीजवळ वरच्या अंगाला तडकायची. "आता?" आम्ही ओरडायचो, "वर!" "लक्षात ठेवा. भिंतीतून नुसतंच पुढे आलेलं जे जे असेल, छज्जा, गॅलरी, पोर्च, त्याची सळई वर. कारागीर सवयीने खाली घालेल. तुम्ही त्याच्या सवयीच्या आड उभे राहा." धडा संपला की तडकलेली काकडी मीठ न लावता उभ्याउभ्या खायचे.

वर्गात ते फार टिकायचे नाहीत. अर्ध्या तासात "चला" म्हणायचे की आम्ही टोप्या घालून मागे. राजवाड्यासमोर नेऊन खालचे मजले दगडाचे आणि वरचे लाकडाचे का, हे आमच्याकडून वदवून घेत. तिथून सराफ्यात. सराफे गादीवर बसून तराजूत गुंजा तोलत असायचे आणि आमचे सर रस्त्याच्या मधोमध उभे राहून मोठ्याने त्यांच्या डोक्यावरच्या छज्ज्याची चिकित्सा करायचे. "हा पुढे किती आलाय बघा. आत भिंतीत किती गेला असेल? ह्याच्या मालकाला विचारा." मालक खाली गिऱ्हाईक घेऊन बसलेला असे. तो हात जोडून म्हणायचा, "साहेबजी, ग्राहक भागतील हो. पुढे चला ना, प्लीज."

रंगपंचमीला मात्र त्यांनी कहर केला. रंगांची गेर, म्हणजे मिरवणूक, निघालेली, दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या माणसांनी लगडलेल्या. एका जुन्या लाकडी गॅलरीखाली सर उभे राहिले आणि ओरडायला लागले, "उतरा! निम्मे लोक आत जा! लगेच आत जा!" वरच्यांना वाटलं, हा म्हातारा आपल्याला रंग टाकायला बोलावतोय. त्यांनी अख्खी बादली ओतली. सर हिरवे होऊन ओरडत राहिले. मग दुसरी बादली आली, ती लाल. शेवटी आम्ही त्यांना धरून बाजूला नेलं. गॅलरी काही पडली नाही.

पुढच्या वर्षी ते पुन्हा त्याच गॅलरीखाली. रामेश्वर म्हणाला, "सर, पिछली बार गिरी तो नहीं थी."

"म्हणून तर," सर म्हणाले. "त्यांना वाटायला लागलंय की पडत नाही."

अशा माणसाला भाड्याने घर कोण देणार? आणि दिलं तरी टिकणार कसं? मी त्यांचं सामान हलवायला दोनदा गेलो. एकदा जुनी इंदूरमधल्या एका घरमालकाने दोन मजल्यांवर तिसरा चढवायला घेतला. सरांनी आधी त्याला समजावलं, मग नकाशा काढून दाखवला, मग खालच्या सगळ्या बिऱ्हाडांना बोलावून जिन्याखालची भेग दाखवली. दोन बिऱ्हाडं सोडून गेली. मालकाने तिसरं बिऱ्हाड सरांचं काढलं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, पितळेची भांडी पोत्यात भरत शांतपणे मला म्हणाल्या, "अरे, अर्धी भांडी मी उघडतच नाही आता. कशाला? ह्यांना घर आवडलं तर मालकाला हे आवडत नाहीत. नि मालकाला हे आवडले, तर समज त्या घरात काही तरी गडबड आहे."

काकू देवासच्या. त्यांच्या मराठीत माळवी असं मिसळलं होतं की कुठली भाषा कुठे संपते ते कळायचं नाही. सरांच्या तऱ्हांवर चिडलेल्या मी त्यांना पाहिलं नाही. जेवायला बसल्यावर सर अर्ध्या पोळीवर उठून खिडकीशी जायचे, परत यायचे, पुन्हा उठायचे. काकू ताट झाकून ठेवायच्या, ते परत आले की पुन्हा उघडायच्या. मला त्यांनी एकदा सांगितलं, "झोपेत पाय हलतात रे ह्यांचे. चालत असतात."

आमच्या वर्गात एक समजूत होती. सरांची एखादी इमारत केव्हा तरी कोसळली असणार, माणसं दगावली असणार, त्याशिवाय माणूस असा होत नाही. कुणी म्हणे धारला शाळा पडली, कुणी म्हणे महूला बराक. एक दिवस रामेश्वरने, तो भोळाच होता, सरळ विचारून टाकलं. आम्ही सगळे खाली बघायला लागलो.

सर आधी हसले. मग म्हणाले, "नाही रे. माझं एकही काम पडलेलं नाही. आजपर्यंत."

"तो फिर आप इतने..."

"पडलं असतं तर सुटलो असतो," सर म्हणाले. "कुठलं कच्चं होतं ते कळलं असतं. आता सगळीच उभी आहेत. सगळ्यांत माणसं राहतायत." आणि खडू ठेवून बाहेर निघून गेले. त्या दिवशी वर्ग तिथेच संपला. ते पूर्वी कुणी बोललं नव्हतं असं काही तरी बोलून गेले होते आणि मला तेव्हा त्याचं नुसतं भय वाटलं.

सरांचा एक लाडका विद्यार्थी होता, आमच्या आधीच्या तुकडीतला. माधव त्याचं नाव. आम्ही काही चुकलो की सर म्हणायचे, "माधवने हे एकदाच विचारलं होतं." त्यामुळे न भेटताच माधव आम्हाला आवडत नसे. पण भेटल्यावर आवडला. सावळा, हसरा, बोलण्यात अगदी इंदुरी. "काय भिया, सर जास्त रगडून राहिलेत का?" असं पहिल्याच भेटीत विचारलं त्याने. खात्यात ओव्हरसियर म्हणून लागला होता आणि शहरात एका नव्या दवाखान्याच्या कामावर होता.

त्या दवाखान्याला पुढे पोर्च होतं. मोटार खाली येऊन थांबेल असं, भिंतीतून सरळ पुढे आलेलं आणि खाली एकही खांब नाही. तेव्हा ती नवी टूम होती. सरकार ग्वाल्हेरहून यायची वेळ झालेली, मंत्री येऊन उद्घाटन करणार हे ठरलेलं. पोर्चखालचे टेकू अजून काढायचे होते. ते कसे काढतात हे दाखवायला सर आम्हाला घेऊन गेले.

माधव धावत आला. चेहरा उजळलेला. तीन आठवड्यांपूर्वी मुलगी झाल्याचं त्याने पेढा हातावर ठेवत सांगितलं. सरांनी पेढा खाल्ला आणि पोर्चकडे बघत विचारलं, "सळई?"

"वर, सर. तुमचा विद्यार्थी आहे मी."

"बांधली तेव्हा वर. काँक्रीटचा माल पडला तेव्हा?"

"तेव्हापण वर."

"तू होतास?"

"होतो की, सर."

"सगळा वेळ?"

पेढ्यांचा पुडा माधवने या हातातून त्या हातात घेतला. "दुपारी घरून निरोप आला होता, सर. हिला नेलं म्हणून. मी जाऊन आलो. मिस्तरी होता ना इथं."

सर पोर्चखाली जाऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, परत आले, पुन्हा गेले. मग तडक मोठ्या साहेबांच्या ऑफिसात. आम्ही बाहेर व्हरांड्यात उभे. आतलं सगळं ऐकू येत होतं. टेकू आत्ता काढू नका, वरून भिंतीलगत थोडं टाचून सळई कुठे आहे ते बघू द्या, एवढंच सर मागत होते.

"उद्घाटन तोंडावर आलंय," मोठे साहेब म्हणाले, "आणि तुम्ही नव्याकोऱ्या पोर्चला छिन्नी लावणार? कशावरून? शंका आली म्हणून?"

"शंका आली म्हणूनच."

"तुम्हाला तर सगळ्याच्याच शंका येतात. आख्ख्या इंदूरला माहीत आहे. नाही म्हणजे नाही. टेकू सोमवारी निघतील."

रविवारी सकाळी सर माझ्या घरी आले. उंबऱ्यात वर बघायचं विसरले, यावरूनच मी काय ते समजलो. "शिडी धरायला दोघं हवेत," म्हणाले. मी रामेश्वरला उठवलं. दवाखान्यापाशी चौकीदार विडी ओढत बसला होता. सरांचा कोट बघून तो उठून उभा राहिला, आणि सर इतक्या अधिकाराने आत शिरले, की त्याने विचारलंच नाही.

आम्ही वर चढलो. सरांनी भिंतीलगत उजव्या बाजूला खडूने चौकोन काढला आणि छिन्नी-हातोडा चालवायला सुरुवात केली. थोडंसंच खोल गेलं आणि छिन्नी टणकन वाजली. सळई. जिथे असायला हवी अगदी तिथेच.

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! रामेश्वर तर टाळ्याच पिटणार होता. तेवढ्यात खालून माधवचा आवाज आला. चौकीदाराने त्याला बोलावून आणलं होतं. तो शिडी चढून वर आला, टाचलेला चौकोन बघितला, सळई बघितली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, ते मी पुढे बरेच दिवस पाहिलं नाही.

"झालं समाधान, सर?"

"एक अजून बघू," सर म्हणाले.

"एक अजून! ते झालं की अजून एक. पूर्ण पोर्च खोदा ना. सर, माझी नोकरी आहे ही. कच्ची आहे अजून. सगळ्यांच्या कामावर शंका घेता, ठीक. माझ्यापण?"

सर उठून त्याच्यासमोर उभे राहिले. आवाज अगदी खाली. "माधव, माल वर आला कुठून? तगाऱ्या कुठल्या बाजूनी वाहिल्या?"

माधवने रागातच डावीकडे बोट दाखवलं. "तिकडून. शिडी तिथं लावली होती."

"किती बाया होत्या?"

"असतील वीसेक."

"आणि चालल्या कशावरून? फळ्या टाकल्या होत्या?"

माधवचं बोट तसंच राहिलं. मलाही तेव्हाच समजलं. दिवसभर डोक्यावर मालाच्या भरल्या तगाऱ्या, म्हणजे घमेली, घेऊन वीस बायका त्या एका वाटेने गेल्या-आल्या होत्या, आणि त्यांच्या पायाखाली ती वर बांधलेली सळयांची जाळी होती.

सर डावीकडे जाऊन बसले. टाचायला लागले. छिन्नी आत गेली, अजून गेली, वाजेना. त्यांचा हात भरून आला तसा माधव पुढे झाला. त्याने सरांच्या हातातून हातोडा घेतला आणि स्वतः मारायला लागला. जोरजोरात, दात खाऊन. कपच्या उडत होत्या. हाताचा पंजा आत मावेल इतकं खोल गेलं तरी काही नाही. शेवटी अगदी तळाशी छिन्नी वाजली. माधव हातोडा बाजूला ठेवून तिथेच मांडी घालून बसला. "मी एक तास गेलो होतो, सर," एवढंच म्हणाला. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही की काही नाही. ते उठून येरझाऱ्या घालायला लागले.

टेकू निघाले नाहीत. ठेकेदाराला खाली दोन जाड खांब बांधावे लागले, तेही रातोरात. मंत्री आले, फीत कापली, आणि भाषणात म्हणाले की या दोन खांबांमुळे इमारतीला भारदस्तपणा आला आहे.

पण त्यानंतर चौकशी लागली. सरकारी मालमत्तेची विनापरवाना तोडफोड. ठेकेदाराचं म्हणणं असं, की पोर्च भक्कमच होतं, सळया जागेवर होत्या, सरांच्या हातोड्याने त्या खचल्या. हे ऐकून पहिल्या वर्षाचं पोरही हसलं असतं. पण मोठ्या साहेबांना ते ऐकायला सोयीचं होतं. शिडी धरणारे म्हणून मला आणि रामेश्वरला बोलावलं होतं. सरांनी सगळं आपल्यावर घेतलं. मी फोडलं, मुलांना मी आणलं, माधवचा काही संबंध नाही. त्यांची बदली तर आधीच ठरली होती. मग मोठे साहेब माधवला म्हणाले, "तुम्ही इन्चार्ज. सळया जागेवर होत्या ना?"

ठेकेदार खुर्चीत बसून माधवकडे बघत होता. आदल्या दिवशी तो त्याच्या घरी बाळाला बघायला जाऊन आल्याचं आम्हाला माहीत होतं. माधवला नुसतं "होत्या" म्हणायचं होतं.

"उजवीकडे होत्या," माधव म्हणाला. "डावीकडे पायांनी दबल्या. मी जागेवर नव्हतो. फळ्या टाकायला पाहिजे होत्या, मी टाकल्या नाहीत. दुसरी जागा सरांनी नाही फोडली, साहेब, मी फोडली."

बाहेर आल्यावर सर त्याच्यावर असे कडाडले, की आवारातले चपराशी गोळा झाले. "तुला कुणी सांगितलं होतं बोलायला? मी जातच होतो ना! एकाने भागत होतं! घरात दोन महिन्यांचं पोर आणि हा निघाला हरिश्चंद्र!"

माधव शांतपणे ऐकत होता. ते थांबल्यावर म्हणाला, "मग मी कुठे बघून जगणार होतो, सर?"

सर छत्री काखेत मारून झपाझप चालायला लागले, आणि माधव त्यांच्यामागून.

दोघांनाही श्योपूरला पाठवलं. म्हणजे राज्याच्या पार त्या टोकाला. सर शिकवण्यावरून निघून रस्त्यांच्या कामावर, आणि माधव खालच्या पायरीवर, त्यांच्याच हाताखाली. साहेबांना वाटलं असेल की शिक्षा झाली. आमचा वर्ग एका पुस्तकातून लिहून देणाऱ्या मास्तरांकडे गेला. आम्ही पास झालो. रामेश्वरला सिमरोलच्या रस्त्यावरच काम मिळालं. मी ग्वाल्हेरला लागलो. पण कुठल्याही कामावर टेकू काढताना माझे पाय एका जागी ठरत नसत. हा आजार त्यांचाच, हे मला ठाऊक होतं.

मध्य भारत मोडून मोठं राज्य होणार, राजधानी भोपाळला जाणार, अशी बोलणी सुरू झाली तेव्हा पुन्हा सगळे हलले. कोण कुठे पडणार कुणाला ठाऊक नाही. इंदूरच्या वर्गाला शिकवायला माणूस मिळत नव्हता, मोठे साहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "तुमचे जुने सर येतील का विचारून या. आत्ता ऑर्डर काढतो."

मी छोट्या रुळांच्या गाडीने श्योपूरला गेलो. रस्त्याला लागूनच सरांचं घर. दारात काकू एका छोट्या मुलीची वेणी घालत होत्या. माधवचीच ती मुलगी. मी बातमी सांगितली. काकू वेणी घालता घालता म्हणाल्या, "त्यांनाच विचार बाबा. सकाळपासून कामावर आहेत. शाळेचं छत भरून राहिलेत आज."

गावाबाहेर शाळेचं बांधकाम चाललं होतं. दगडी भिंती उभ्या, वर सळयांची जाळी, पुढे व्हरांड्याचा छज्जा. बायकांची रांग मालाच्या, त्यांच्या बोलीत मसालोच्या, तगाऱ्या घेऊन वर चढत होती. जाळीवर विटा, विटांवर फळ्या, आणि चालणं फक्त फळ्यांवरून. माधव रापलेला, डोक्याला पंचा, फळ्या सरकवत होता. मला बघून त्याने हात केला, पण जागा सोडली नाही. सर तिथेच छज्ज्यावर, कोट नसलेले, पायांत काही नाही.

मी वर गेलो, वाकून नमस्कार केला आणि निरोप सांगितला. इंदूर, जुना वर्ग, ऑर्डर तयार. ते रांगेकडे बघतच ऐकत होते.

"इतकी वर्षं मी शिकवलं कुणाला?" ते म्हणाले. "जे लांब सावलीत उभे राहतात त्यांना. सळई शेवटी राहते कुठे ते ह्यांच्या पायांवर आहे, आणि ह्यांना कधी कुणी सांगितलंच नाही की पायाखाली काय आहे. मीपण नाही. परवा सगळ्यांना एका ओळीत उभं केलं, हात समोर सरळ धरायला लावले, हातावर वीट. म्हटलं, कुठे ताणतंय? सगळ्या म्हणाल्या, खांद्याच्या वरून. बस. मग ह्या लोखंडावर पाय द्यायचा नाही, का, ते मला सांगावं लागलं नाही."

"मग सर, इंदूरला..."

"आज एक बाई तापाने आली नाही. रांगेत गॅप पडलाय, माल खाली थांबतोय." पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. माझी इस्त्रीची पँट, बूट. "आलायस तर उभा काय राहतोस? तगारी घे."

मी बूट काढले. खाली गेलो, एकीने माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली, दुसरीने तगारी. मान खांद्यात रुतली. इतकी वर्षं मी ह्या तगाऱ्या मोजत आलो होतो, डोक्यावर घेतली नव्हती. शिडी चढून मी फळीवर पाय टाकला. फळी लवली. खाली विटा, विटांखाली काळी जाळी, तिच्या चौकोनांतून खालच्या साच्याचं लाकूड. माल चेहऱ्यावर ओघळत होता. मधोमध आलो तेव्हा समोर सर उभे होते. मला माझं उत्तर मिळालं नव्हतं. साहेबांना मी सांगणार काय? मी थांबलो, मान न हलवता विचारलं, "सर, येणार की नाही?"

मागून फळी हलली. माझ्या पाठीला टेकेल इतक्या जवळ एक बाई तगारी घेऊन उभी राहिली होती, आणि तिच्यामागे अख्खी रांग.

"भैया, रुको मती," ती म्हणाली. "मसालो जम जायगो."

मी पाय उचलला.